डॉ. विल्यम केरी आणि कुंभ्याचें झाड

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूंच्या डोंगरांत कुंभा नांवाचें एक झाड पुष्कळ आढळतें. गुराख्यांच्या पोरांस तें पाऊलवाटेइतकें ओळखीचें असतें. शहरांतील शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींस मात्र त्याचें नांवही बहुधा ठाऊक नसतें. या झाडास वनस्पतिशास्त्रांत केरिया आर्बोरिया असें लॅटिन नांव आहे. त्यांतील आर्बोरिया या पदाचा अर्थ वृक्षासारखा वाढणारा असा होतो, आणि केरिया हें पद विल्यम केरी या इंग्रज गृहस्थांच्या नांवावरून बनविलेलें आहे. इंग्रजींत मराठीचें पहिलें व्याकरण ज्यांनीं लिहिलें, मराठी शब्दांचा कोश ज्यांनीं मोडी टाइपांत छापविला, आणि मत्तयकृत शुभवर्तमान ज्यांनीं १८०५ सालींच मराठींत छापून प्रसिद्ध केलें, तेच हे केरी होत. सुमारें एकेचाळीस वर्षें ते हिंदुस्थानांत राहिले, परंतु महाराष्ट्रांत त्यांचें पाऊल एकदांही पडलें नाहीं. आपल्या रानांशीं त्यांचा संबंध जडला तो या झाडामुळें. मिशनरी या नात्यानें त्यांचीं चरित्रें पुष्कळांनीं लिहिलीं आहेत. येथें त्यांची झाडपाल्याची आवड पुढें ठेवून तेंच चरित्र थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सप्युरी नांवाचें खेडें आहे. तेथें ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं विल्यमचा जन्म झाला. वडील एडमंड केरी हे हातमागावर लोकरीचें कापड विणीत. विल्यम सहा वर्षांचा असतांना त्यांस गांवच्या शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली, व घरांत थोडीं पुस्तकें येऊं लागलीं. गांवाच्या शेजारींच व्हिटलवुड नांवाचें जुनें रान होतें. त्यांत ओक वृक्षांची दाटी असे. इंग्लंडांत ओकला जो मान आहे तो आपल्याकडे सागाला आहे, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. तेथील जुनीं जहाजें ओकचीं, घरांचीं तुळवटें ओकचीं, आणि चांभार जें कातडें वापरीत तेंही ओकच्या सालीनें कमावलेलें. या रानांत हा मुलगा तासन् तास हिंडे व पानें, किडे, पक्ष्यांचीं अंडीं असें कांहीं ना कांहीं घेऊन घरीं येई. त्याची निजण्याची खोली या वस्तूंनीं भरून गेली होती. त्याचे चुलते पीटर हे कानडा देशांत शिपाईगिरी करून परत आले होते व माळीकाम करीत असत. परदेशच्या हकीकती आणि बागेंतील कलमें या दोहोंची गोडी त्याला या चुलत्यांनीं लाविली. एकदां झाडावर चढतांना तो पडला व त्यास चांगलीच दुखापत झाली. बरा होतांच तो घराबाहेर पडला आणि प्रथम त्याच झाडावर चढला, अशी गोष्ट सांगतात.

त्याला माळी किंवा शेतकरी व्हावयाचें होतें. परंतु उन्हांत काम केलें कीं त्याच्या तोंडाची व हातांची कातडी फुटून येई आणि रात्रभर झोंप लागत नसे. म्हणून वयाच्या सुमारें चौदाव्या वर्षीं वडिलांनीं त्यास पिडिंग्टन येथील क्लार्क निकोल्स नांवाच्या चांभाराकडे उमेदवारीस ठेविलें. या धन्याच्या फळीवर नव्या कराराच्या टीकेचें एक पुस्तक होतें व त्यांत अधूनमधून ग्रीक शब्द छापलेले होते. विल्यमला तीं अक्षरें वाचतां येईनात. त्यानें तीं कागदावर जशींच्या तशीं काढून घेतलीं व आपल्या गांवीं राहणाऱ्या एका शिकलेल्या विणकराकडून त्यांचा उलगडा करून घेतला. त्यास ग्रीक भाषेचा पहिला धडा मिळाला तो असा. पुढें लॅटिन, हिब्रू, डच व फ्रेंच या भाषाही त्यानें जोडे शिवतां शिवतांच आत्मसात केल्या. आपल्या अंगीं विशेष बुद्धि नसून नेटानें एकच काम रेटीत राहण्याची संवय तेवढी आहे, असें ते वृद्धपणीं आपल्या पुतण्यास सांगत असत. हें बोलणें विनयाचें होतें, पण सर्वस्वीं खोटेंही नव्हतें. पान हातीं धरून त्याच्या शिरा मोजणें आणि अनोळखी अक्षराचें वळण कागदावर उतरवून घेणें, या दोहोंस एकाच जातीची चिकाटी लागते.

१७८१ सालीं डोरोथी प्लॅकेट या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. तिला लिहितां येत नव्हतें. लग्नाच्या नोंदवहींत तिनें सहीच्या जागीं फुली काढली. १७८५ सालीं केरी मोल्टन गांवीं आले. तेथें ते दिवसा शाळा चालवीत, फावल्या वेळीं जोडे शिवीत व रविवारीं उपदेश करीत. शाळेच्या भिंतीवर त्यांनीं हातानें काढलेला जगाचा एक मोठा नकाशा टांगला होता व त्यावर प्रत्येक देशाची लोकसंख्या व धर्म लिहून ठेविला होता. कॅप्टन कुक यांच्या समुद्रप्रवासाचें वर्णन त्यांनीं वाचलें होतें, आणि दूरदूरच्या देशांतील लोकांस शुभवर्तमान कोण सांगणार, या प्रश्नानें त्यांस पछाडलें होतें. पुढें लेस्टर येथें ते पाळक झाले. १७९२ सालीं त्यांनीं या विषयावर एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं ता. २ ऑक्टोबर रोजीं केटरिंग येथें कांहीं बॅप्टिस्ट पाळकांनीं एका घरांत जमून मिशनरी मंडळी स्थापन केली. त्या बैठकींत १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स एवढ्या रकमेचीं वचनें मिळालीं. एवढ्या भांडवलावर हिंदुस्थानाला निघावयाचें होतें.

ईस्ट इंडिया कंपनी त्या काळीं आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस येऊं देत नसे. त्यामुळें ता. १३ जून १७९३ रोजीं केरी एका डॅनिश जहाजावर चढले. बरोबर पत्नी, मेहुणी, चार मुलें व डॉ. जॉन टॉमस हे मिशनरी वैद्य होते. डोरोथीची येण्याची इच्छा नव्हती. सर्वांत धाकटें मूल अवघें कांहीं आठवड्यांचें होतें, आणि ती आपल्या परगण्याच्या बाहेर क्वचितच गेली होती. अखेर बहीण सोबत येते म्हणून ती तयार झाली. नोव्हेंबर महिन्यांत ही मंडळी कलकत्त्यास उतरली. जवळचे पैसे लवकरच संपले, आणि मुलांबाळांस घेऊन सुंदरबनाच्या कडेला रान तोडून राहण्याची पाळी आली. १७९४ सालीं माळव्याजवळ नव्हे, तर बंगालमधील मालदा या गांवाजवळ मदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर केरी यांस नोकरी मिळाली. त्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर तापानें वारला. या दुःखांतून डोरोथी कधींच सांवरली नाहीं. तिचें मन बिघडलें तें बिघडलेंच, आणि १८०७ च्या डिसेंबरांत तिचा अंत होईपर्यंत ती त्याच स्थितींत राहिली. शेजारच्या खोलींत पत्नीचा आक्रोश चालू आहे आणि इकडे केरी भाषांतराचीं मुद्रितें तपाशीत आहेत, असे दिवस त्या घरानें पाहिले. कित्येक चरित्रकार हा भाग चारदोन ओळींत उरकतात. परंतु ज्या कामाचा आपण गौरव करतों, त्याची किंमत एका अबोल स्त्रीनेंही भरली आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेविलें पाहिजे असें आम्हांस वाटतें.

या हलाखींतही त्यांचीं इंग्लंडास जाणारीं पत्रें पाहिलीं तर त्यांत कोयते, विळे, नांगराचीं चाकें आणि दरवर्षीं पाठवावयाच्या बियाण्याच्या याद्या आढळतात. सर्व जातींच्या फळांचें, फुलांचें व रानझाडांचें बीं त्यांस हवें होतें, व त्याची किंमत ते स्वतः देणार होते. निळीच्या कारखान्याचें काम वर्षांतून कांहीं महिनेच असे. उरलेल्या वेळांत ते बंगाली व संस्कृत शिकत, खेड्यापाड्यांतून हिंडत, आणि तेथील पिकें व झाडें यांचीं टिपणें ठेवीत. दिनाजपूर जिल्ह्याच्या शेतीविषयीं त्यांचा जो निबंध पुढें एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत आला, त्याची सामग्री याच वर्षांत जमली.

१८०० सालच्या जानेवारींत केरी श्रीरामपुरास आले. हें श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यांतील गांव नव्हे. कलकत्त्याच्या वर हुगळीच्या कांठीं त्या वेळीं डॅनिश लोकांच्या अमलाखालीं असलेलें हें शहर. तेथें त्यांस जोशुआ मार्शमन हे शिक्षक व विल्यम वॉर्ड हे मुद्रक असे दोन सहकारी लाभले. तिघांनीं एका कुटुंबासारखें राहावयाचें, मिळकत एकत्र ठेवावयाची, असा नियम केला. दुसऱ्याच वर्षीं बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच सुमारास कलकत्त्यास लॉर्ड वेलस्ली यांनीं स्थापिलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरी यांची नेमणूक झाली. पगार दरमहा ५०० रुपयांपासून सुरू झाला व पुढें १००० वर गेला. त्यांतील अल्पसा भाग घरखर्चास ठेवून बाकी सर्व रक्कम ते मिशनच्या खजिन्यांत टाकीत.

१८०३ सालीं इंग्रज व मराठे यांच्यांत युद्ध सुरू झालें, आणि कंपनीच्या तरुण अंमलदारांस मराठी येण्याची निकड भासूं लागली. बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीचेंही काम केरी यांच्याकडे आलें. कॉलेजांतील मुख्य मराठी पंडित वैद्यनाथ (यांचा उल्लेख आपल्याकडे वैजनाथ शर्मा या नांवानें होतो) हे त्यांचे या भाषेंतील गुरु. १८०५ सालीं व्याकरण, १८१० सालीं कोश, १८११ सालीं मराठी नवा करार, अशीं पुस्तकें श्रीरामपूरच्या छापखान्यांतून बाहेर पडलीं. पंचानन कर्मकार या कसबी लोहारानें व त्याचा जांवई मनोहर यानें एतद्देशीय लिपींचे ठसे तेथें घडविले होते. ही मराठी आज वाचतां कानाला खडबडीत लागते, आणि त्यांत नवल नाहीं. पुण्याकोल्हापुराकडची बोली ज्यानें कधीं ऐकली नाहीं, त्यानें शेंकडों कोसांवर बसून, एकदोन पंडितांच्या तोंडून ऐकून ती लिहिली आहे. १८३१ सालीं मुंबईस मोल्सवर्थ यांचा मोठा कोश निघाल्यावर केरी यांचा कोश मागें पडला. तथापि मोडी अक्षरांचे खिळे पाडून सामान्य मराठी माणसाच्या हातची लिपी छापखान्यांत आणण्याचें धाडस त्यांनीं केलें, याचें श्रेय त्यांजकडून कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

श्रीरामपूरच्या खालच्या अंगास, त्याच नदीच्या त्याच कांठीं, शिवपूर येथें कंपनीची वनस्पतिबाग होती. डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे १७९३ पासून तिचे अधीक्षक होते. केरी कॉलेजच्या कामासाठीं दर आठवड्यास नावेनें कलकत्त्यास जात येत, त्यामुळें या दोघांचा स्नेह वाढत गेला. रोपांची व बियांची देवघेव सुरू झाली. केरी यांनीं श्रीरामपुरास पांच एकर जागेंत स्वतःची बाग केली, आणि लिनियस या स्वीडिश पंडिताच्या पद्धतीनें, म्हणजे फुलांतील केसरांची संख्या व मांडणी पाहून, झाडांचे वर्ग पाडून तीं लाविलीं. पहांटे उठून बागेंत फेरी मारणें, तेथेंच प्रार्थना करणें व मग पंडितांबरोबर भाषांतरास बसणें, असा त्यांचा क्रम असे.

रॉक्सबर्ग यांना हिंदुस्थानांत कांहीं वनस्पति अशा आढळल्या कीं त्या युरोपांतील कोणत्याही माहीत असलेल्या कुळींत बसत नव्हत्या. त्यांची एक नवी जाति कल्पून तिला त्यांनीं आपल्या मित्राचें नांव दिलें. या केरिया जातींत बंगालच्या माळरानांत गवताबरोबर वाढणारें एक ठेंगणें झुडूप आहे, आणि आपला उंच वाढणारा कुंभाही आहे.

हा कुंभा ओळखावयाचा कसा, हें येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. सुटींत गडावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं खालील खुणा ध्यानांत ठेवाव्यात. झाड मध्यम उंचीचें, कधीं पन्नास-साठ फुटांपर्यंत जाणारें. साल जाड, गडद करड्या रंगाची व चिरा पडलेली. आंत ती तांबूस व धागेदार असते. पानें वीतभर किंवा त्याहूनही लांब, टोंकाकडे रुंद व देंठाकडे निमुळतीं होत गेलेलीं, आणि डहाळीच्या शेवटीं झुपक्यानें आलेलीं असतात. देंठ इतका आंखूड कीं पान थेट फांदीवर बसल्यासारखें दिसतें. पानाच्या कडेवरून बोट फिरवावें. तेथें बारीक, बोथट दांते लागतात. हिंवाळा सरतांना पानें गळण्यापूर्वीं तांबडीं होतात व त्या वेळीं सबंध झाड दुरूनही ओळखूं येतें. फाल्गुन-चैत्रांत नवी पालवी व फुलें येतात. फूल मोठें, चार पाकळ्यांचें, पांढुरकें. पण नजरेंत भरतात ते पाकळ्यांपेक्षां त्याचे असंख्य लांब, गुलाबी झांक असलेले केसर. तें रात्रीं उमलतें, वास कांहींसा उग्र येतो, आणि सकाळीं झाडाखालीं केसरांचीं गळून पडलेलीं वर्तुळें पसरलेलीं दिसतात. देवळांच्या आवारांत लाविलेला कैलासपति व हा कुंभा एकाच कुळांतले आहेत, हें त्या केसरांवरून सहज पटतें. पावसाळ्याच्या आरंभास फळ पिकतें. तें पेरूएवढें, हिरवें, वाटोळें असून त्याच्या डोक्यावर फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या तशाच चिकटून राहिलेल्या असतात व मधोमध एक सुकलेला तुरा उभा असतो. अरुंद तोंडाच्या घड्यासारखा हा आकार पाहिला म्हणजे आपल्या लोकांनीं त्यास कुंभा कां म्हटलें तें निराळें सांगावें लागत नाहीं. वाळलेलीं फुलें बाजारांत वाकुंभा या नांवानें औषधी म्हणून विकतात, आणि सालीच्या धाग्यांची वात पूर्वीं तोड्याच्या बंदुका डागण्यासाठीं वापरीत असत.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. बिब्ब्याचें झाडही याच रानांत असतें, त्याचीं पानेंही मोठीं, टोंकाकडे रुंद व डहाळीच्या शेवटीं गोळा झालेलीं असतात, आणि त्याचा चीक अंगास लागला तर फोड उठतात. बिब्ब्याच्या पानाची कड गुळगुळीत असते, दांतेरी नसते. खालची बाजू फिकट असते. आणि फळ म्हणाल तर नारिंगी बोंडावर बसविलेली काळी बीं. खात्री होईपर्यंत झाडास हात न लावतां फक्त डोळ्यांनीं पाहावें. मोहाचीं पानेंही झुपक्यानें येतात, पण त्यांची कड सरळ असते व देंठ तोडला तर पांढरा चीक निघतो. ऐनाचें खोड मगरीच्या पाठीसारखें तुकड्यातुकड्यांचें असतें, तेव्हां तेथें घोटाळा होण्याचें कारण नाहीं. सागाचीं पानें समोरासमोर येतात. कुंभ्याचीं एकाआड एक.

आतां ओकविषयीं. सिलोनांतील, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतील, गवताळ डोंगरांना पाटना म्हणतात. त्या उतारांवर दरवर्षीं वणवे लागतात व बहुतेक झाडें जळून जातात. कुंभा मात्र जाड सालीच्या जोरावर वांकडातिकडा कां होईना, उभा राहतो. तेथें गेलेल्या इंग्रज मळेवाल्यांस हीं खुरटलेलीं, गांठाळ झाडें पाहून आपल्या देशच्या ओकची आठवण झाली, आणि त्यांनीं त्यांस पाटना-ओक असें नांव दिलें. सिलोन-ओक असेंही तें म्हणत. साम्य अगदींच नाहीं असें नव्हे. ओकचेंही पान टोंकाकडे रुंद असतें व डहाळीच्या शेवटीं गर्दी करतें, आणि दोन्ही झाडांची साल कातडें कमावण्यास उपयोगी पडते. परंतु इंग्लंडच्या ओकच्या पानाची कड मोठमोठ्या गोल खांचांची असते, त्याचीं फुलें बारीक व लोंबत्या तुऱ्यांचीं असतात, आणि फळ म्हणजे लहानशा पेल्यांत बसविलेलें एक टणक, गुळगुळीत बीज असतें. कुंभ्याच्या फळांत मऊ गर व त्यांत अनेक बिया. फळ पाहिलें कीं वाद मिटतो. खरे ओक हिंदुस्थानांत हिमालयांत व ईशान्येच्या डोंगरांत होतात. गढवाल-कुमाऊंकडे त्यांतील एकास बांज म्हणतात. सह्याद्रींत मूळचा ओक एकही नाहीं. बागांतून सिल्व्हर ओक म्हणून जें उंच झाड लावितात, तें ऑस्ट्रेलियांतून आलेलें असून त्याचा ओकशीं नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं. ओकच्या रानांत वाढलेल्या केरींचें नांव ज्याला मिळालें, त्याच झाडाला परक्या लोकांनीं ओक म्हणावें, हा मोठा मौजेचा योगायोग म्हटला पाहिजे.

१८१३ सालीं रॉक्सबर्ग प्रकृति बिघडल्यामुळें स्वदेशीं गेले व १८१५ सालीं वारले. त्यांनीं शिवपूरच्या बागेंतील वनस्पतींची जी यादी तयार केली होती, ती केरी यांनीं प्रस्तावना लिहून १८१४ सालीं श्रीरामपुरास छापिली. या यादींत लॅटिन नांवांबरोबर देशी नांवेंही दिलेलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. लॅटिन नांवानें झाड जगांतील सर्व पंडितांस कळतें, पण रानांत तें दाखवून देणारा माणूस देशी नांवच सांगतो. रॉक्सबर्ग यांचा हिंदी वनस्पतींवरील मोठा हस्तलिखित ग्रंथ छापण्याचें कामही केरी यांनींच अंगावर घेतलें. डॉ. वालिक यांनीं घातलेल्या भरीसह पहिला भाग १८२० सालीं व दुसरा १८२४ सालीं निघाला. पुढें केरी यांनीं संपूर्ण मूळ ग्रंथ तीन भागांत १८३२ सालीं छापून पुरा केला. मित्राच्या मृत्यूनंतर सतरा वर्षें हें ऋण त्यांनीं वागविलें.

मध्यंतरीं संकटें आलीं तीं लहान नव्हतीं. ता. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं छापखान्यास आग लागली. कागदांचे गठ्ठे, चौदा देशी भाषांचे टाइप, आणि कित्येक वर्षें जमविलेलीं कोशांचीं व भाषांतरांचीं हस्तलिखितें जळून खाक झालीं. केरी त्या दिवशीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं मार्शमन यांनीं जाऊन त्यांस ही बातमी सांगितली. राखेच्या ढिगांत टाइप ओतण्याचे ठसे मात्र शाबूत सांपडले, व त्यांच्या साहाय्यानें थोड्याच महिन्यांत काम पुन्हां सुरू झालें. हस्तलिखितें तेवढीं पुन्हां लिहावीं लागलीं. १८२३ च्या ऑक्टोबरांत नावेंतून उतरतांना पाय घसरून केरी यांच्या मांडीच्या सांध्यास जबर इजा झाली. ते अंथरुणास खिळलेले असतांनाच दामोदर नदीचे बंधारे फुटून श्रीरामपुरांत पूर आला. बाग पाण्याखालीं गेली. वीस वर्षांत निवडून निवडून लाविलेलीं रोपें नाहींशीं झालीं. पाणी ओसरल्यावर त्यांनीं पुनः ठिकठिकाणीं बियांसाठीं पत्रें लिहिलीं. त्यांच्या वयाला त्या वेळीं बासष्ट वर्षें झालीं होतीं.

एकदां इंग्लंडांतून बियांची एक पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर पिशवींत उरलेली माती केरी यांनीं सांवलींतल्या एका जागीं झटकून टाकिली. कांहीं दिवसांनीं तेथें डेझी नांवाच्या विलायती रानफुलाचीं चिमुकलीं रोपें उगवलीं. लहानपणीं गांवच्या कुरणांत पायाखालीं तुडविलेलें हें फूल तीस वर्षांनंतर दृष्टीस पडल्यावर त्यांस झालेला आनंद अवर्णनीय होता. उन्हाळ्यांत तें रोप जगत नसे, म्हणून ते दरवर्षीं त्याचें बीं जपून ठेवीत व हिंवाळ्याच्या आरंभीं पेरीत. ते स्वदेशीं पुनः कधींच गेले नाहींत.

१८२० सालीं त्यांच्या पुढाकारानें हिंदुस्थानची शेतकी व बागाईत मंडळी स्थापन झाली. युरोपियन व एतद्देशीय गृहस्थांस तींत बरोबरीनें सभासद करून घ्यावें, असा त्यांचा आग्रह होता. १८२३ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें त्यांस आपला सभासद निवडलें. जोडे शिवणाऱ्या उमेदवाराची गणना आतां युरोपांतील वनस्पतिशास्त्रज्ञांत होऊं लागली होती. १८१८ सालीं श्रीरामपूर कॉलेज निघालें, व तेथें वनस्पतिशास्त्रावरील व्याख्यानें केरी स्वतः देत. सतीची चाल त्यांनीं १७९९ सालीं प्रत्यक्ष पाहिली होती, व तेव्हांपासून ती बंद व्हावी म्हणून ते लिहीत व सांगत आले होते. १८२९ च्या डिसेंबरांत ती बंद करणारा कायदा भाषांतरासाठीं त्यांच्या हातीं पडला, तो रविवार होता. उशिरानें कोणा स्त्रीचा प्राण जाईल या विचारानें त्या दिवसाचा उपदेश त्यांनीं दुसऱ्याकडे सोंपविला आणि सायंकाळपर्यंत पंडिताबरोबर बसून बंगाली भाषांतर पुरें केलें.

शेवटच्या दिवसांत चालवेनासें झालें, तेव्हां त्यांस खुर्चींत बसवून बागेंत नेत. तेंही अशक्य झाल्यावर माळ्यास खोलींत बोलावून कोणत्या वाफ्यांत काय फुललें आहे तें ते विचारीत. भिंतीवर एका झुडपाचें चित्र लाविलेलें होतें व त्याच झुडपाविषयीं ते पुष्कळदां बोलत. मार्शमन त्यांच्या समाचारास येत, तेव्हां आपल्या पश्चात् मार्शमन यांच्या गाई बागेंत शिरतील ही काळजी त्यांनीं एकदां डोळ्यांत पाणी आणून बोलून दाखविली, आणि तसें होऊं देणार नाहीं असें वचन त्या वृद्ध मित्रानें त्यांस दिलें. ता. ९ जून १८३४ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, श्रीरामपूर येथें केरी मरण पावले. दुसऱ्या दिवशीं पहांटे तेथील मिशनच्या स्मशानभूमींत त्यांचें दफन झालें. थडग्यावर आपली स्तुति लिहूं नये अशी त्यांनीं ताकीद देऊन ठेविली होती. त्याप्रमाणें तेथें नांव, जन्ममृत्यूच्या तारखा व एका जुन्या भक्तिगीताच्या दोन ओळी एवढेंच कोरलेलें आहे.